टीसी हातात देण्याआधी: 'वाया गेलेल्या' पोट्ट्यांसाठी शाळा काय करू शकते?

(या भागाचा लिखित मजकूर. एसटीत नेटवर्क जात-येत असेल किंवा हेडफोन घरी राहिला असेल, तर इथे वाचा. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

[००:००]

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईत जाऊन तिथून ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय तुमच्या वर्गात बसलेला होता. बहुतेक मागच्या बाकावर. आठवा जरा. कुणाच्या तरी वहीची पानं फाडणारा, सर फळ्याकडे वळले की चित्रविचित्र आवाज काढणारा, मधल्या सुट्टीत मारामारी करणारा. किंवा ती पोट्टी, जी एकाएकी कुणाशी बोलेनाशी झाली आणि कुणी काही विचारलं की अंगावर धावून यायची. स्टाफरूममध्ये अशांसाठी एक ठरलेलं वाक्य असतं: "हे पोट्टं वाया गेलेलं आहे."

मग एक दिवस पालकांना बोलावणं जातं. बाप मजुरी बुडवून येतो, सगळ्यांसमोर पोराला दोन ठेवून देतो आणि निघून जातो. असं दोन-तीनदा झालं की नववीत कधीतरी टीसी हातात येते. पुढे तो पोट्टा पानठेल्यावर दिसतो, नाहीतर सुरतच्या गाडीत.

आज मला एकच गोष्ट समजावून सांगायची आहे. मुलाचं वागणं हा बहुतेक वेळा एक निरोप असतो, आणि शाळेनं तो वाचायला शिकलं तर टीसीपर्यंत गोष्ट सहसा जात नाही. आपल्या वऱ्हाडी-नागपुरीत यासाठी एक फस्क्लास शब्द आहे: काऊन? 'काय केलंस' हे सगळेच विचारतात. 'काऊन केलंस' हे फार कमी लोक विचारतात, आणि त्याहून कमी लोक उत्तर ऐकायला थांबतात.

[०२:१०] आधी, मधे, नंतर

आता 'काऊन' विचारायचं म्हणजे मुलाला समोर उभं करून दरडवायचं असं नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराला स्वतःलाच माहीत नसतं आपण असं का वागलो. तो म्हणणार, "उगाच." खोटं बोलत नसतो तो, त्याच्याकडे शब्दच तेवढे असतात.

मग शोधायचं कसं? यासाठी जगभरचे शिक्षक आणि समुपदेशक एक साधी पद्धत वापरतात. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात लिहायचं, गोंधळ व्हायच्या आधी काय चाललं होतं. दुसऱ्यात, मुलानं नेमकं काय केलं. तिसऱ्यात, त्यानंतर काय घडलं, म्हणजे त्या मुलाला त्यातून काय मिळालं किंवा काय टळलं.

दुसऱ्या रकान्यात एक पथ्य पाळायचं. 'उद्धटपणा केला' असं लिहायचं नाही. 'पुस्तक जमिनीवर फेकलं आणि बाहेर निघून गेला' असं लिहायचं. उद्धटपणा हा आपला निकाल झाला, पुस्तक फेकणं ही घटना झाली. दोन आठवडे अशी नोंद ठेवली की बरंच काही दिसायला लागतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, आठवीतला एक मुलगा आहे. रोज तिसऱ्या तासाला, गणिताच्या वेळी, शेजारच्याला चिमटा काढतो. सर ओरडतात, "चल, वर्गाबाहेर उभा राहा." तो जातो. व्हरांड्यात उभा राहतो, मैदानावरचा कबड्डीचा खेळ बघतो, तास संपला की आत येतो. आता तीन रकाने भरा. आधी काय? गणित. काय केलं? चिमटा. नंतर काय? गणित टळलं!

म्हणजे बघा, सरांना वाटतंय आपण शिक्षा करतोय. मुलाच्या बाजूनं तीच सुटका आहे. त्याला अपूर्णांक येत नाहीत, फळ्यापाशी बोलावलं की सगळे हसतात, आणि हसं होण्यापेक्षा बाहेर उभं राहणं त्याला परवडतं. सर जितक्यांदा बाहेर काढतील तितका चिमटा पक्का होत जाणार. वर्षभर हे चालतं आणि शेवटी आपण म्हणतो, याला शिक्षेचाही काही फरक पडत नाही.

वागण्यामागची कारणं साधारण चार प्रकारची असतात. कुणाचं तरी लक्ष हवं असतं. काहीतरी टाळायचं असतं. एखादी वस्तू किंवा संधी हवी असते. नाहीतर शरीराचीच काही गरज असते, म्हणजे चुळबुळ केल्याशिवाय बसवतच नाही. वरून वागणं सारखं दिसतं, पण उपाय वेगळा लागतो. लक्ष हवं म्हणून आवाज काढणाऱ्याकडे त्या क्षणी थोडं दुर्लक्ष करून तो नीट बसला असताना आवर्जून बोललं तर फरक पडतो. गणित टाळण्यासाठी आवाज काढणाऱ्याकडे दुर्लक्ष केलं, तर त्याला हवं तेच मिळतं. म्हणून औषधाआधी निदान.

[०५:३०] आधी डोळे-कान तपासा

निदानाची सुरुवात अगदी साध्या गोष्टींपासून करायची. मुलाला फळा दिसतो का? नीट ऐकू येतं का? सकाळी काही खाऊन आला होता का? रात्री झोप झाली का? ज्याला फळ्यावरचं दिसत नाही तो शेजारच्याच्या वहीत डोकावणार, त्यावरून भांडण होणार, आणि नाव पडणार 'कॉपी करतो'. चष्म्यानं सुटणारी गोष्ट छडीनं कशी सुटेल?

यासाठी सरकारी सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, २०१३ पासून सुरू आहे. त्यात डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांमध्ये एकदा येऊन जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. त्यांच्या यादीत दृष्टी आणि श्रवण आहे, तसेच शिकण्यातले अडथळे आणि अतिचंचलता हेसुद्धा आहेत. पथक येतं त्या दिवशी नुसतं वजन-उंची लिहून घेऊ नका. 'या तीन मुलांकडे जरा बघा' असं वर्गशिक्षकानं नाव घेऊन सांगायला हवं. रोज पाहणारी व्यक्ती तीच असते ना.

शिकण्यातला अडथळा, ज्याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात, तो वरून दिसत नाही. मुलगा बोलायला चलाख, शेतीचा हिशोब तोंडी करतो, पण वाचायला उभं केलं की अक्षरं नाचतात. मग तो काय करतो? वाचायची पाळी येण्याआधीच भांडण उकरून काढतो. 'मठ्ठ' म्हणवून घेण्यापेक्षा 'मवाली' म्हणवून घेणं पोरांना बरं वाटतं. मवाल्याला निदान सगळे घाबरतात तरी!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, त्यात हा अडथळाही आहे. रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. सुरुवात कुठून करायची, तर पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात. तिथे समावेशित शिक्षणाचं काम पाहणारे विशेष शिक्षक असतात.

[०८:००] दप्तरासोबत घरही येतं

आपल्या जिल्ह्याचं बोलायचं तर काही गोष्टी मुलांच्या दप्तरासोबत शाळेत येतात. कापूस आणि सोयाबीनवर घर चालतं. वेचणीच्या दिवसांत मोठी पोरं-पोरी शेतात असतात, परत येतात तेव्हा चार धडे पुढे गेलेले असतात. २००६ साली केंद्र सरकारनं शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धा होता. ज्या घरात असं काही घडलंय तिथलं मूल वर्गात कसं बसेल? कुणी गप्प होतं, कुणी भडकतं. दोन्ही दुःखच आहे, पण शाळेला फक्त भडकणारं दिसतं.

दारूचंही तसंच. जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, पण कायद्यानं बंद असलेली दारू किती घरांत रात्री भांडण घेऊन येते हे गावातल्या बाया सांगतील. रात्री दोनपर्यंत जागलेला पोट्टा सकाळी पहिल्या तासाला 'लक्ष देत नाही'. कसं देणार?

आणि खर्रा! सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत बांधलेला. शाळेच्या खिडकीखाली रिकाम्या पन्न्या पडलेल्या असतात. तंबाखूची तलफ लागलेल्या मुलाची चिडचिड होते, बसवत नाही, तासाला बाहेर जायचं निमित्त हवं असतं. इथं शाळेनं मुलाला झोडपण्याआधी बाहेरच्या ठेल्याकडे बघावं. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही, आणि १८ वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच विकता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू किंवा नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गुन्हा विकणाऱ्याचा आहे, मुलाला मात्र सवय सोडायला मदत हवी आहे.

[१०:४०] छडीचं काय?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आमच्या वेळी सर छडी मारायचे आणि आम्ही सरळ झालो. कॉमेंटमध्ये हे वाक्य येणारच, म्हणून आधीच बोलून घेऊ.

पहिलं, कायदा. शिक्षण हक्क कायदा, २००९. कलम १७: मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करता येणार नाही, करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. मानसिक छळ म्हणजे वर्गासमोर जात, घर, बापाचा धंदा काढून बोलणंही त्यात आलं. कलम १६: आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. या कायद्याचं संरक्षण ६ ते १४ वयाला आहे. आता लक्षात आलं का, टीसी बहुतेक नववीतच का हातात येते? कायद्याचा हात सुटतो तिथेच शाळेचाही सुटतो. पंधरा वर्षांचं पोरगं, ज्याला सगळ्यात जास्त धरून ठेवायची गरज आहे, ते नेमकं त्याच वेळी मोकळं सोडलं जातं.

दुसरं, छडी 'काम करते' का? इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती ज्यांची आहे ते पुढे आपल्याच जिल्ह्यात येऊन राहिले. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ १९१० साली गांधीजींनी टॉल्स्टॉय फार्म सुरू केला. तिथल्या मुलांना ते स्वतः शिकवायचे. एक मुलगा फार दांडगट होता, खोटं बोलायचा, भांडायचा. एके दिवशी त्यानं कहर केला आणि गांधीजींनी हातातल्या रुळानं त्याच्या दंडावर मारलं. मारताना ते स्वतः थरथरत होते. मुलगा सतरा वर्षांचा, अंगापिंडानं मजबूत, उलटून मारू शकला असता. पण तो रडला आणि त्यानं माफी मागितली. गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिलंय की त्यानंतर त्या मुलानं कधी त्यांचा शब्द मोडला नाही.

म्हणजे मार 'लागू पडला'. तरी गांधीजी तिथेच म्हणतात की त्या माराचा आपल्याला आजही पश्चात्ताप होतो, कारण त्या दिवशी आपल्यातला आत्मा नाही तर पशू त्या मुलाला दिसला. त्यांच्या मते मुलगा रडला तो रूळ लागला म्हणून नव्हे, आपल्याला मारावं लागल्याचं दुःख त्याला दिसलं म्हणून. थोडं थांबून यावर विचार करा. परिणाम रुळाचा नव्हता, नात्याचा होता. नातं नसलेल्या हातातला रूळ फक्त एवढंच शिकवतो की ज्याच्या हातात रूळ त्याचं खरं. मग मधल्या सुट्टीत तेच पोट्टं आपल्याहून लहान मुलाला तोच धडा शिकवतं.

[१४:०५] वर्ध्याचा जुना धडा

पुढची गोष्ट आपल्या गावची. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात अखिल भारतीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. तिथे ठरलं की मुलांना सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळावं, ते मातृभाषेत असावं, आणि हातानं करायच्या उपयोगी कामाभोवती गुंफलेलं असावं. अभ्यासक्रमासाठी झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हेच झाकीर हुसेन पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. या योजनेला देशभर 'वर्धा योजना' म्हणतात, आपण तिला नई तालीम म्हणून ओळखतो. सेवाग्राममध्ये आर्यनायकम आणि आशादेवी या दाम्पत्यानं ती शाळा उभी केली. आजही सेवाग्रामात आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा त्या विचारावर चालते. २००५ पासून ती पुन्हा सुरू आहे, आणि तिथे शेती, स्वयंपाक, सूतकताई हा अभ्यासाचाच भाग आहे.

नई तालीम ही काही 'वांड मुलांना सुधारण्याची योजना' नव्हती, हे स्पष्ट सांगतो. पण तिच्यात आपल्या विषयासाठी कामाची एक गोष्ट आहे. नेहमीच्या वर्गात हुशार ठरायचा एकच मार्ग असतो: वाचा, लिहा, मार्क मिळवा. ज्याला तो जमत नाही त्याला दिवसाचे सहा तास आपण नापास आहोत हेच ऐकावं लागतं. मग तो दुसरीकडे पहिला नंबर काढतो, दांडगाईत. जिथे वाफे करायचे असतात, भाजी मोजायची असते, चाळीस जणांचा स्वयंपाक वेळेत करायचा असतो, तिथे त्याच पोट्ट्याला 'हे तुला चांगलं जमतं' असं खरंखुरं ऐकायला मिळू शकतं. आणि ज्याला एकदा असं ऐकायला मिळालं, त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी असतं. ते असल्याशिवाय शिस्त टिकत नाही.

[१६:३०] उद्या सकाळपासून करता येतील अशा गोष्टी

ज्यांच्याकडे पैसा नाही, समुपदेशक नाही, अशा साध्या जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेलाही हे करता येतं.

एक, नियम थोडे, पण पक्के. भिंतीवर वीस नियम लावले तर एकही पाळला जात नाही. चार-पाच ठेवा, मुलांना विचारून ठरवा, आणि सगळ्या शिक्षकांनी तेच पाळा. एका तासाला चालतं आणि दुसऱ्या तासाला मार पडतो, हे मुलाला समजत नाही.

दोन, प्रत्येक अवघड मुलामागे एक मोठं माणूस. ते वर्गशिक्षकच असलं पाहिजे असं नाही. पीटीचे सर, शिपाईकाका, खिचडी शिजवणाऱ्या काकू, ज्यांच्याशी त्याचं जमतं ते कुणीही. रोज सकाळी दोन मिनिटं: "जेवलास का? काल मॅच बघितली का?" अभ्यासाचा विषय काढायचाच नाही. ही दोन मिनिटं गोंधळ व्हायच्या आधीची आहेत, म्हणून त्यांची किंमत मोठी.

तीन, सुटकेचा सरळ रस्ता द्या. आपल्या चिमटेवाल्याकडे परत या. त्याला बोलवून ठरवायचं: "डोकं फिरायला लागलं की पेन आडवं ठेव. मी तुला पाणी पिऊन यायला पाठवीन. पाच मिनिटांत परत." सोबत, त्याला येणारं एक सोपं गणित आधी द्यायचं आणि फळ्यापाशी सगळ्यांसमोर उभं करणं काही दिवस बंद. चिमट्यानं जे मिळत होतं ते आता मागून मिळतं, मग चिमट्याची गरज काय? हळूहळू पाच मिनिटांची तीन करायची, आणि मागे राहिलेले अपूर्णांक शिकवायला घ्यायचे. ते राहिले तर बाकी सगळं वाया.

चार, चांगलं घडलं तेव्हा बोला, नेमकं बोला. 'शाब्बास' पुरेसं नाही. 'आज राग आला तरी तू हात उचलला नाहीस, मी पाहिलं' असं. आणि घरी फोन फक्त तक्रारीसाठी करायचा नाही. शाळेतून फोन आला म्हणजे पोरानं काहीतरी केलं, असं ज्या आईला पाठ झालंय, तिला एकदा चांगली बातमी द्या.

पाच, भांडण झाल्यावर लगेच कोर्ट भरवू नका. तापलेल्या डोक्यात काही शिरत नाही, ना मुलाच्या ना सरांच्या. आधी दोघांना वेगळं करा, शांत होऊ द्या, मग बोला.

[१९:२०] आणि ज्याला मार बसला त्याचं?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. दांडगट मुलाला समजून घेताना ज्याचा डबा रोज पळवला जातो त्याला विसरलो, तर ती माया नाही, अन्याय आहे.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. पहिलं, ज्याला त्रास झाला त्याची सुरक्षितता. जागा बदला, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवा. मग दोघांशी वेगवेगळं बोला, तीन प्रश्न विचारून: काय झालं? कुणाला काय त्रास झाला? आता भरपाई कशी करणार? डबा सांडला असेल तर दुसऱ्या दिवशी आपल्यातला अर्धा द्यावा. बाक मोडला असेल तर दुरुस्त करताना सोबत उभं राहावं. भरपाई चुकीशी जुळणारी हवी. कान धरून उठाबशा काढल्यानं मोडलेला बाक सरळ होत नाही.

आणि सगळ्यांसमोर 'हात मिळवा, सॉरी म्हणा' हे जबरदस्तीनं करू नका. ज्याला मार बसलाय त्याला अजून भीती वाटत असते. तो तयार असेल तेव्हाच. त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर ही समजुतीची पद्धत वापरायचीच नाही. तिथे पॉक्सो कायदा लागू होतो आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

[२१:१०] सगळं सरांवरच टाकायचं का?

आता शिक्षकांची बाजू. एका वर्गात पन्नास-साठ पोरं, वर ऑनलाइन माहिती भरा, पोषण आहाराचा हिशोब ठेवा, निवडणुकीची ड्युटी करा. त्यात हे तीन रकाने कोण भरणार?

या प्रश्नाचं उत्तर एका मोठ्या अभ्यासात मिळतं. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 'सेहेर' नावाचा प्रयोग केला. सरकारी माध्यमिक शाळा, नववीतली मुलं. शाळांचे तीन गट केले. एका गटात बाहेरून एक प्रशिक्षित माणूस शाळेला दिला. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, पण शिकवून तयार केलेला होता. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्याच शिक्षकावर सोपवलं. तिसऱ्यात नेहमीचंच चालू ठेवलं. काम काय होतं? भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, दर महिन्याला एका विषयावर परिपाठात चर्चा, आणि ज्याला गरज असेल त्याच्याशी एकट्यानं बोलणं.

निकाल २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. जिथे वेगळा माणूस होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि हिंसा कमी झाली, उदासीची लक्षणंही कमी झाली. जिथे शिक्षकावरच सोपवलं होतं, तिथे नेहमीच्या शाळांपेक्षा फरक दिसला नाही.

याचा अर्थ शिक्षक नालायक, असा अजिबात नाही. ज्याच्याकडे आधीच दहा कामं आहेत आणि ज्याच्या हातात मार्कांची वही आहे, त्याच्याजवळ मन मोकळं करणं मुलाला जड जातं. या कामासाठी वेगळा माणूस लागतो. महागडा तज्ज्ञच हवा असं नाही, शिकवलेला, विश्वासाचा, वेळ असलेला माणूस हवा. आपण मागणी करायची तर ही करायला पाहिजे: दोन-तीन शाळा मिळून का होईना, एक समुपदेशक.

[२४:००] डॉक्टर कधी?

सगळं शाळेत सुटत नाही. मूल मरणाचं बोलायला लागलं, स्वतःला इजा करायला लागलं, कित्येक आठवडे झोप-जेवण बिघडलं, प्राण्यांना किंवा लहानांना क्रूरपणे त्रास द्यायला लागलं, नशा सुटेना, किंवा एकाएकी पूर्ण बदललं, तर थांबू नका. 'नाटक करतोय' म्हणू नका. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. आपल्याच जिल्ह्यात आहेत, एसटीच्या तिकिटाच्या अंतरावर.

दोन नंबर फोनमध्ये सेव्ह करा. टेली-मानस, १४४१६. मनाच्या त्रासासाठी, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि चाइल्डलाइन, १०९८. कुठल्याही संकटातल्या मुलासाठी, तुम्ही शेजारी म्हणूनही फोन करू शकता.

[२५:३०] तुमच्या हातात काय आहे?

तुम्ही ऐकणारे बहुतेक जण अठरा ते पंचवीसमधले. कुणी डीएड करतंय, कुणी शिक्षणसेवक आहे, कुणी कुणाचा दादा, कुणाची ताई.

शिक्षणसेवक असाल तर उद्या फक्त एका मुलासाठी तीन रकाने आखा. दोन आठवडे. दादा-ताई असाल तर शाळेतून बोलावणं आल्यावर बाबांसोबत तुम्हीही जा. तिथे हात जोडून उभं राहू नका, विचारा: "हे कोणत्या तासाला होतं? त्याआधी काय चाललेलं असतं?" या दोन प्रश्नांनी बैठकीचा सूर बदलतो. आई-बाबांना सांगा की शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. म्हणजे ठेला हटवायचा ठराव असो की समुपदेशकाची मागणी, ती खुर्ची आपली आहे. नववीतल्या पोराची टीसी काढायचं चाललं असेल, तर ती घेण्याआधी एक महिना मागून घ्या. 'आम्ही घरून हे करतो, शाळेनं हे करावं' असं कागदावर लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन.

आणि शाळेत असाल, स्वतःच तो मागच्या बाकावरचा असाल, तर एवढंच सांगतो: तू वाया गेलेला नाहीस. तुझं ज्याच्याशी जमतं असं एक मोठं माणूस शोध आणि त्याला एकच वाक्य सांग, "मला या तासाला फार त्रास होतो." पुढचं ते बघतील. नाहीच कुणी सापडलं तर वरचे दोन नंबर तुझ्यासाठीही आहेत.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या शाळेत अशा मुलांसाठी कुणी काही चांगलं केलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. मुलाचं आणि शाळेचं नाव न घेता पाठवा, तेवढं पथ्य आपण पाळू. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि कुणावर चिडायच्या आधी एकदा विचारा: काऊन?